बन्सीदादाची ओळ

मित्रांनो, अर्धी अक्षरं झिजून गेलेला मी एक जुना कीबोर्ड आहे. नगरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम. अंगावर इतका चहा सांडलाय, की मला उलटं करून हलवलं तर आजही दोन कप निघतील. खोटं वाटतं? हलवून बघा!

माझे धनी दोघे, बहीणभाऊ. बन्सीदादा थोरला. राजेश्वरीला सी भाषेत प्रोग्राम लिहायला त्यानेच शिकवलं. गावोगावच्या डेअऱ्यांसाठी दोघं दूध मोजायची यंत्रं बनवत आणि त्या यंत्रांचं डोकं माझ्यावर लिहीत.

दादा लिहायला भलता कंजूष. प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला नाव द्यावं लागतं; दादाचा दुधाला नुसता 'द', वजनाला 'व'. त्याचा अख्खा प्रोग्राम शेंगेच्या टरफलावर मावायचा, वर सहीला जागा उरायची. आकडा एकाने वाढवायचा तर सी भाषेत अधिकचं चिन्ह दोनदा देतात. दादा ते असं टक-टक वाजवायचा, की शेजारच्या शेडमधली माणसं दार उघडायला उठायची.

राजेश्वरीचं उलट. तिने ठेवलेलं एखादं नाव नगरला सुरू होऊन काष्टीला संपायचं.

"राजे, प्रोग्राम लिहितीस का लग्नपत्रिका?"

"आणि तू? शेळ्या हाकल्यासारखं नुसतं 'हुर्र' केलं की मोकळा! दादा, आपल्या माघारी हे वाचणार कोण?"

"वाचायचं कशाला? चालतंय न्हवं!"

मग दोघंही हसायची. त्या भांडणावर तर मी जगलो.

दादाची एक ओळ सगळ्या यंत्रांत होती. दुधाची सारी बेरीज ती एकटी करायची. कुणी आलं की लेकराचा फोटो दाखवावा तशी तो ती दाखवायचा.

नव्याने कामाला लागलेल्या अश्विनीला ती ओळ काही केल्या उमगेना. दादा यंत्र बसवायला काष्टीला गेला होता. राजेश्वरीने ती ओळ मोडली आणि तिच्या जागी कुणालाही कळेल असं, नावानिशी, ऐसपैस लिहून काढलं. दादा खूश होईल म्हणून गुणगुणत लिहिलं हो तिनं!

दादा परतला. पडद्याकडे बघतच राहिला.

"बघ की, वजन थेंबभर बी चुकत न्हाई," राजेश्वरी म्हणाली.

"वजन येतंय गं. त्यात मी कुठं हाय?"

तिला थट्टा वाटली. ती हसली. दादाने चपला घातल्या आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही. राजेश्वरीने त्याची ओळ होती तशी परत ठेवली आणि फोन लावला. "दादा, बघायला तरी ये."

"राहू दे. तुझंच बरोबर हुतं," तो म्हणाला. भाऊबीजेलाही तिचं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

मित्रांनो, दुसऱ्याने जीव लावलेलं काम सुधारायला घ्याल, तर आधी त्याला हाक मारा. तो शेजारी बसू दे, मग मोडा.

राजेश्वरी आता सकाळी शेड उघडते, माझ्यावरची धूळ पुसते आणि अधिकचं बटण दोनदा दाबते. टक-टक. ती दाराकडे बघते. मग ती दोन्ही चिन्हं पुसते आणि कामाला लागते.

हे मात्र मी एका अक्षरानेही वाढवून सांगितलेलं नाही.