पेर्पेतुआच्या नावाचा उंदीर

उलुगुरू डोंगरातल्या उंदरांची मापं घेत मला अकरा वर्षं झाली होती, तेव्हा पेर्पेतुआ आमच्याकडे कामाला आली. खालच्या जंगलातले सापळे माझे, डोंगरमाथ्यावरचे तिचे. दोनच वर्षांत आमचे प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ डॉक्टर म्झेरू यांनी जाहीर केलं, की माथ्यावरच्या उंदराचा मागचा पाय दीड मिलिमीटर आखूड भरतो, म्हणजे ही जातच वेगळी. जातीला नाव दिलं पेर्पेतुआचं. तिनं सगळ्यांना चहा पाजला, तळलेली गोड मांदाझी खाऊ घातली. मी माझी मांदाझी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली.

"तोंड का पाडतेस, एउस्तेला? माझ्या उंदराच्या अंगावर एखादी नवी पिसू सापडली, की तिला तुझं नाव देऊ," ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. मी पाय नखासकट मोजायची. तसंच मला शिकवलं होतं. ती नख सोडून मोजायची. उंदराला बांधलेल्या चिठ्ठीवर नुसता आकडा असायचा, नखाचं कोणी लिहीत नसे. तिची नवी जात म्हणजे नखाएवढा फरक. नाव सगळीकडे छापलं जाऊ दे, मग सांगेन, म्हणजे चांगली उंचावरून पडेल, असा माझा हिशेब. पुढे डॉक्टर वारले, आम्ही दोघी निवृत्त झालो, आणि सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी म्वासिती नावाची तरुण संशोधक घरी आली. स्पिरिटमधले आमचे जुने उंदीर काढून ती त्यांची जनुकं तपासत होती.

"आजी, पायाचे आकडे जुळत नाहीत. तुम्ही दोघी मोजायच्या तरी कशा?"

तीस वर्षं जपलेलं मी एका दमात सांगून टाकलं. "मग ती जात खोटीच ना?" मी विचारलं.

"सगळे पाय मी नव्यानं मोजते," ती म्हणाली.

तीन महिन्यांनी ती परत आली. "पाय सारखेच निघाले, आजी. तुमचं बरोबर होतं. पण जनुकं वेगळी आहेत, कवटीही अरुंद आहे. जात खरंच वेगळी आहे."

"आणि नाव?"

"आधी दिलेलंच राहतं."

"चुकीच्या मापावरून दिलेलं असलं तरी?"

"तरी."

दुसऱ्या दिवशी मी पेर्पेतुआकडे गेले. ती दारात शेंगा सोलत बसली होती. म्वासिती तिच्याकडे आधीच जाऊन आली होती.

"नखांचं तुला केव्हा कळलं होतं?" तिनं विचारलं.

"तू आलीस त्याच आठवड्यात."

"मला नाव मिळाल्यावर कळलं. मग बाजारात तू दिसलीस, की मी दुसऱ्या गल्लीत वळायची. वाटायचं, आज ही बोलणार. तीस वर्षं त्या नावाचं सुख म्हणून नाही लाभलं मला." तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. "आता झोप लागते बघ छान."

मी शेंगा सोलू लागले. तिची झोप उडालेली आहे हे मला आधी कळलं असतं, तर म्वासितीला मी चहा पाजून, नखांचं काही न सांगता परत पाठवलं असतं.