केळीच्या खोलीचं दार

धनुबाई ओट्यावर बसली होती. पाणी नको म्हणाली. दाराआडून आमचे हे, रिखबचंदजी, हळूच मला म्हणाले, "तुझं दुपारचं मौन आहे ना? मग पाळ. काही उत्तर देऊ नकोस."

तिचा नवरा भिला शहाद्यात आमच्या केळी पिकवण्याच्या खोल्यांवर चौदा वर्षं कामाला होता. चार दिवसांपूर्वी त्यातल्याच एका खोलीत त्याचा जीव गेला. सारंगखेड्याला, त्याच्या गावी, बातमी पोचली ती दारू पिऊन पडल्याची. ती आमच्याच घरातून गेली होती.

पर्युषणाच्या आदल्या दिवशी कच्च्या केळ्यांची गाडी आली. आमच्या मुलाने, महावीरने, खोली गच्च भरून घेतली. एरवी भिला रोज सकाळी दार अर्धा तास उघडं टाकायचा. पण त्या आठ दिवसांत आम्ही हिरव्याला हात लावत नाही. मी म्हटलं, "दुसऱ्याकडून करवलं तरी पाप आपलंच. दार उघडायचं नाही."

सून रूपल वनस्पतिशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "मम्मीजी, घड कापला म्हणून केळं मरत नाही. झाडावर होतं तोवर पानं उन्हात अन्न तयार करून त्याला पोसत होती. केळीचं खोडसुद्धा पानांच्या देठांचंच, एकावर एक गुंडाळलेलं. आता पानं सुटली, तरी फळातल्या पेशी जगतातच. साठवलेला स्टार्च थोडा थोडा जाळतात. त्याला हवा लागते, आपल्यासारखीच."

मी हसले. "मग मी वेगळं काय म्हणते? जिवंत आहेत, म्हणूनच छेडायचं नाही. झाडात जीव असतो हे तू मला शिकवतेस होय?"

ती कामाला लागली. मला वाटलं, पटलं.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, मी सगळ्यांची क्षमा मागितली, भिलाचीही. तो लाजून हसला. "शेठाणी, वरीसभर तुम्हना आवाज ऐकू येत नही, मंग माफी कसानी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार उघडलं आणि तसाच आत शिरला. चार पावलांवर कोसळला. महावीर ओढायला धावला, तर तोही भेलकांडत बाहेर आला. सगळी दारं उघडून भिलाला बाहेर काढलं, तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. आठ दिवसांत फळांनी ती संपवली, आणि त्यांनी सोडलेला वायू कोंडून राहिला.

त्याच संध्याकाळी यांनी माणसांना सांगितलं, प्यायलेला होता म्हणा. मी ऐकलं आणि माळ ओढत राहिले.

आज मी ओट्यावर आले तशी धनुबाई म्हणाली, "बारा वरीस व्हयनात, त्यानी दारूले हात लायेल नही. मन्ही पोर शाळामा जात नही, पोरी चिडावतस. तुमी धरमनी बाई. खरं सांगा."

आतून यांचं खाकरणं ऐकू आलं.

"भिला प्यायलेला नव्हता," मी म्हटलं. "खोलीत हवा नव्हती. दार आठ दिवस बंद ठेवायला मीच लावलं होतं."

"तुमले ठाऊक नव्हतं?"

"सुनेने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आनि दारूनं कोनी सांगं?"

"आम्हीच."

हे बाहेर आले. "अगं, आत ये. तिला काय कळतंय."

माझे हात जोडले जात होते. धनुबाई ओरडली, "हात जोडू नका! हाई मन्हा एकलीजोगे सांगीसन काय उपेग? गावमा चला. पोरन्या शाळामा चला. तठे सांगा."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओटा उतरले. यांनी दोनदा हाक मारली.

सारंगखेड्याच्या एसटीत ती पुढच्या बाकावर बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी मागे उभी राहिले.