ठमाबाईचा पावडा

"दर तारखेले या पावड्याले मीच काऊन नेऊ? बसमध्ये अर्धा सीटखाली राह्यते, अर्धा लोकायच्या पायात. तलवार असती तं सारे उचलाले धावले असते."

हे बोलणं माझ्याबद्दल होतं. बोलणाऱ्या होत्या नूतनबाई, मला कोर्टात नेणाऱ्या पोलीस शिपाई. मी त्यांच्या काखेतच होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. राग नाही आला. त्यांचं बरोबरच होतं.

मित्रांनो, मी एक जुना पावडा आहे, माती ओढायचं फावडं. माझ्या दांड्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर लाखेचा शिक्का आहे आणि लिहिलंय 'मुद्देमाल'. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तूला कायदा या नावाने हाक मारतो. पूर्वी मला सारं गाव 'ठमाबाईचा पावडा' म्हणायचं. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता. आता तो आठवला की पातं जमिनीत खुपसून घ्यावंसं वाटतं.

माझं लोखंड एका मोडक्या ट्रकचं. लोहाराने ते ठोकून ठोकून पातळ केलं. दांडा धावड्याचा, तो ठमाबाईच्या नवऱ्याने जंगलातून आणला आणि काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केला. तो गेल्यावर मी बाईंच्या हाती आलो. तीस वर्षं आम्ही दोघांनी धानाची शेती केली.

आमच्याकडे धानाच्या चौकोनी वावराला बांधी म्हणतात आणि तिच्या मातीच्या कडेला धुरा. एका बांधीतलं पाणी दुसरीत सोडायचं तर धुऱ्याला वीतभर खाच पाडायची आणि बांधी भरली की तेच ढेकूळ दाबून खाच बुजवायची. ठमाबाईंनी बुजवलेल्या धुऱ्यातून बेडकीलाही वाट सापडत नाही, असं लोक म्हणायचे. त्यातली अर्धी स्तुती मी परस्पर माझ्याकडे ठेवून घेत असे.

काम नसलं की मी बाईंच्या भिंतीला टेकून उभा असायचो. ज्याला गरज पडेल तो न विचारता न्यायचा. परत आणताना धुऊन आणायचा, एवढाच नियम. असा मी गावातल्या प्रत्येकाच्या तळहाताला ओळखायचो.

आता तलावाचं सांगतो. ठमाबाईंची बांधी तलावाच्या पारीला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला, अगदी चिकटून होती. पण पाट मात्र साऱ्या शिवाराला वळसा घालून त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी यायचा. पलीकडे तलाव भरलेला आणि अलीकडे बांधीला भेगा, मधे फक्त पार. पाणी नंबराने मिळायचं आणि नंबर ठरवायची पाणी समिती. समितीचे अध्यक्ष देवराव. माणूस गोड बोलणारा, आणि त्यांचं स्वतःचं वावर ठमाबाईंच्या आधी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धान गर्भात आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि पावसाने पाठ फिरवली. बाईंचा नंबर आला, पण पाणी देवरावांच्या वावरातून पुढे सरकलंच नाही. दुसऱ्यांदा नंबर आला, पुन्हा तेच. बाई सभेत काही बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी शेजारचा गोपाल बोलला. नुकताच तो वनरक्षकाच्या परीक्षेत पास झाला होता, आवाजात जरा जोर होता. बाईला पाणी देत नसाल तर पार फोडून नेऊ, असं तो भर सभेत म्हणाला. लोक हसले. ते बोलणं लोकांच्या लक्षात मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी सावली गावचा आठवडी बाजार होता. भरदुपारी शिवारात चिटपाखरू नव्हतं. ठमाबाई मला घेऊन पारीवर चढल्या. त्यांनी बुजवायचं ढेकूळ आधीच भिजवून शेजारी ठेवलं होतं, गवताची मूठही तयार होती. आयुष्यभर धुऱ्याला पाडली तशीच वीतभर खाच त्यांनी पारीला पाडली. बांधी ओली झाली की बुजवणार होत्या.

पण पार म्हणजे धुरा नव्हे, मित्रांनो. ती आतून खेकड्यांनी पोखरलेली. मी तिसरा घाव घातला तेव्हा माती माझ्या पात्याखालून हलली, हे मला कळलं. पण मी काय करणार, पावड्याला थांबता येत नाही. वीतभराची हातभर झाली, हातभराची बैलगाडीएवढी. ढेकूळ पहिल्याच लोटात गेलं. बाईंनी मला तिथेच टाकलं आणि त्या पळाल्या.

वाटेत त्यांना गोपाल भेटला. त्याने त्यांचं चिखलाने भरलेलं लुगडं पाहिलं, काय झालं ते ओळखलं, धावत आला आणि मला उचलून छातीभर पाण्यात उतरला. त्याने किती माती टाकली ते माझं मला ठाऊक. बाजारातून लोक परतले तेव्हा फुटलेल्या पारीत, हातात पावडा घेतलेला, काल धमकी दिलेला गोपाल त्यांना दिसला.

तलाव रिकामा झाला. खालचं पंधरा जणांचं धान आडवं झालं, ठमाबाईंचंही.

पोलीस सकाळी येणार होते, म्हणून मला देवरावांच्या ओसरीत ठेवलं होतं. संध्याकाळी ठमाबाई तिथे आल्या. समितीची चार माणसं बसलेली होती. बाईंनी सगळं सांगितलं. मग देवराव हळूच म्हणाले, "बाई, तुमी बोलसान तं काऊन फोडली हेबी निंगन. चूप राहा. पोट्टा जवान आहे, सुटते."

चौघांनी माना खाली घातल्या. बाईंनीही घातली. आणि मी भिंतीला टेकलेला, अंगावर पारीची माती, कोणी धुतलंही नव्हतं.

पोट्टा सुटला नाही. नूतनबाईंनी एकदा ठाण्यात कागद मोठ्याने वाचला होता: दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान केलं तर गुन्हा, आणि शेतीचं पाणी तोडलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. खटला चालू आहे म्हणून त्याची वनरक्षकाची नेमणूक अडकली. यंदाच्या दिवाळीपर्यंत निकाल लागला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. त्याने कोणाचं नाव घेतलं नाही. त्याच्या आईने विचारलं तेव्हा म्हणाला होता, बाई स्वतः सांगतील. दर तारखेला तो दाराकडे पाहायचा. पुढे पुढे पाहणंही त्याने कमी केलं.

मला हेतू नव्हता, असं मी स्वतःला समजावतो. पण धार तर माझीच होती. जुनी अवजारं आपली कहाणी संपवताना म्हणतात, आम्हाला तेल लावा, पावसात टाकू नका. मला गंज चढला तो चढू द्या. मित्रांनो, तुमच्या हातून काही फुटलं, तर बुजवायला दुसरा उतरण्याआधी तोंड उघडा. नंतर तोंडही गंजतं.

तर सुरुवातीला सांगितलं त्या तारखेला नूतनबाईंनी मला कोर्टाच्या टेबलावर ठेवलं. साक्षीला ठमाबाई होत्या. पावडा त्यांचा, म्हणून त्यांनी तो ओळखायचा, एवढंच काम. देवरावांनी वाटेत त्यांच्याकडून 'कोणीही नेते, मले ठाऊक नाई' हे उत्तर दोनदा म्हणवून घेतलं होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, हा पावडा कोणाचा? बाईंनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. पकड तीच होती.

"माहा."

त्या दिवशी कोणी नेला होता?

"कोणीही नेते साहेब. न विचारता नेते. मले..."

त्या थांबल्या. गोपाल जमिनीकडे पाहत होता. न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. मागच्या बाकावर देवराव खाकरले.

"त्या दिवशी कोणी नाई नेला. माह्याच हाती होता. माहा नंबर दोनदा देवरावभाऊच्या वावरात जिरला, हे साऱ्या गावाले ठाऊक होतं. पार म्या फोडली, जजबाई. हा पोट्टा तं बुजवाले उतरला होता."