पर्थमधली खुरपणी

बसा आप्पा, ऑस्ट्रेलियात मी काय घोळ घातला ते सांगतो. पर्थ शहरात लेकीच्या घरासमोर, फुटपाथच्या कडंला रान माजलेलं. म्हनलं, लोक राजनंदिनीला आळशी म्हणतील. बसलो उपटायला.

तवर शेजारची म्हातारी धावत आली. मागनं लेक वरडली, "आबा, हे यवतचं वावर न्हाई! ही हितली रानफुलं हायत, मावशींनी चार वर्षं जपलेली!"

मेल्याहून मेल्यागत झालं. आता शेजारीण लेकीशी बोलायची बंद व्हणार.

पण म्हातारी माझ्याजवळच खाली बसली. उरलेलं लाल-हिरवं फूल दाखवलं. त्यात लांब चोचीचं पाखरू मध पीत व्हतं, मोटारींच्या शेजारी! मग तिघांनी मिळून उपटलेलं परत लावलं. लय उपकार त्या माउलीचे.

आप्पा, उद्या बांध खुरपायच्या आधी मला हाक मारा. फुलं बघून घेऊ.