पट्टीवाल्यांचं टेबल

मला दोन दिवस बसून जेवायचं होतं. त्या रिसॉर्टात पोहायचा तलाव होता, झोपाळे होते, संध्याकाळी बैलगाडीतून चक्कर होती. ते सगळं गेलं उडत. मला खुर्चीवर बसायचं होतं, समोर ताट यायला हवं होतं आणि ते मी वाढलेलं नको होतं. एवढीच माझी मागणी होती.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज, सगळं माझ्याकडेच. दिवसभर लोक डोक्यावर उभे असतात, "ताई, साइट चालू झाली का?" म्हणून. तिथून सुटून घरी गेलं की घरचे डोक्यावर उभे. घरात मी, सेनगावला पंचायत समितीत क्लार्क असलेला माझा नवरा रत्नपाल, आमची लेक ऐश्वर्या आणि सासरे जळबामामा. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या, त्यामुळे पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघराची गादी मला बिनविरोध मिळाली. त्याला आता बारा वर्षं झाली.

एक दिवस कॉम्प्युटरवर जाहिरात दिसली. कनेरगाव नाक्याच्या पुढे वाशीम रोडला नवीन रिसॉर्ट. दोन दिवस, एक रात्र. नाश्ता, जेवण, चहा सगळं आगाऊ भरा, आल्यावर खिशात हात घालायचं काम नाही. मी माझ्या कमाईतून भरून टाकले पैसे आणि मग रत्नपालला सांगितलं.

"कनेरगावला जेवायचं तर धाबे काय कमी हायेत का?" तो म्हणाला.

"पैसे भरून झालेत."

"वापस येतात का?"

"न्हाई."

"मंग चल."

पैसे परत मिळत नाहीत म्हटलं की आमचा माणूस कुठंही यायला तयार असतो. ऐश्वर्या सुट्टीत माझ्या माहेरी होती. राहिले मामा. त्यांनाही न्यायचं रत्नपालनंच ठरवलं, कारण ते गेले दोन महिने तोंड पाडून बसले होते आणि त्याला कारणही तसंच होतं.

मामा मूळचे साखऱ्याचे. एकेकाळी सेनगाव तालुक्यात आमच्या समाजाचं लग्न म्हटलं की आधी आचारी ठरायचा आणि त्याच दिवशी वाढायला जळबाला निरोप जायचा. मामा वाढप्यांचे मुकादम. कोणत्या ओळीत वरण घेऊन कोण जाईल, भाताची बादली कधी उचलायची, कोणाला नुसतं विचारायचं आणि कोणाला न विचारता वाढायचं, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांच्या पंगतीतून माणूस अर्धपोटी उठला असं कुणी ऐकलं नाही. त्यासाठी त्यांनी कधी एक रुपया घेतला नाही. पण आता लग्नात बुफे आला. लोक हातात ताटली धरून पुढं सरकत राहतात. "हे लगीन हाय का रेशनचं दुकान?" असं मामा भर मांडवात म्हणाले होते, आणि यंदाच्या लग्नसराईत त्यांना एकाही घरून निरोप आला नाही. त्यांची दयाही मला यायची. खोटं कशाला बोलू?

रिसॉर्टच्या दारातच एका मुलीनं आमच्या मनगटाला हिरव्या पट्ट्या बांधल्या. पट्टी म्हणजे यांचं जेवण भरलेलं आहे.

"काहून बांधून राहिली बाई?" मामा म्हणाले. "आमी काय दवाखान्यात भरती व्हायला आलो का?"

पहिलं जेवण दुपारचं. मी खुर्चीत मस्त पाय ताणून बसले. वाढायला संतराम नावाचा वेटर होता, तिकडचाच, वाशीम बाजूचा, चाळिशीच्या आतबाहेरचा. त्यानं कोऱ्या ताटात आधी पोळी ठेवली आणि मामांच्या कपाळावर आठी पडली.

"अरे, आधी मीठ, मंग चटणी, मंग भाजी. पोळी काहून घुसवतो पुढं?"

"बराबर हाय बाबा," संतराम हसून म्हणाला आणि दुसऱ्या ताटाला मिठापासून सुरुवात केली. शहाणा माणूस.

तेवढ्यात मामा म्हणाले, "सपना, पाणी आण गं."

आणि मी उठले! पैसे मी भरलेले, पट्टी माझ्या हाताला, आणि मी पाण्याचा जग शोधत निम्म्या हॉलपर्यंत पोचलेसुद्धा. तिथं भान आलं. परत येते तर, "कांदा हाय का बघ बरं आत." पुन्हा उठले. रात्रीच्या जेवणाला तेच. मामांनी हाक मारली की माझे गुडघे मला न विचारताच सरळ होतात. शेजारी रत्नपाल पनीरचे तुकडे मोजून काढत होता. त्याला हाक ऐकूही गेली नसेल, कारण ती त्याच्या नावाची नव्हती.

तिसऱ्यांदा उठले तेव्हा संतराम आडवा आला.

"ताई, तुमी बसा. मी हाय ना."

हे वाक्य तो दिवसातून शंभर जणांना म्हणत असेल. पण मला एकदम गहिवरून आलं. जेवताना मला कुणी 'तुम्ही बसा' म्हणावं, याची सवयच नव्हती. त्याच क्षणी ठरवलं, या माणसाला जाताना काहीतरी द्यायचं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला लवकर गेले तर संतराम दुसऱ्या वेटरशी हुज्जत घालत होता. "पट्टीवाल्यांचं टेबल रोज मलाच काहून?" मला बघून तो लगबगीनं ताटं मांडू लागला. मी काही सोडणारी नव्हते. खोदून विचारलं तेव्हा सांगू लागला.

"तसं काही न्हाई ताई. बिलवाले लोक बिल देतात, बडीशेपेच्या वाटीत वरचे पैसे ठिवतात. पट्टीवाल्यांचं बिलच येत न्हाई, मंग वाटीबी येत न्हाई. त्याईले वाटते, सगळं भरलं हाय. भरलंच हाय म्हणा. ते मालकाकडे जाते. टिप काही पट्टीत बसत न्हाई."

"मग पट्टीवाल्यांना कमी वाढता की काय?"

"छ्या! खाणाऱ्याच्या पोटाले काय माहीत पट्टी," तो म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी एक डाव उपमा आला.

मी हे रत्नपालला सांगितलं. त्यानं लगेच ऑफिसातलं तोंड केलं. "सगळं आगाऊ भरलं म्हंजे भरलं. परत वरून द्यायचं काम न्हाई. नियम म्हंजे नियम." हाच माणूस ऑफिसात पेढ्याच्या पुड्याशिवाय कुणाचं प्रमोशन मान्य करत नाही.

पण खरा भडका मामांचा उडाला. "पैसे? वाढणाऱ्याला? अगं, त्यानं तुला हातानं वाढलं आन् तू त्याच्या हातावर नोट ठिवतीस? हमाल हाय का तो?"

"मग काय द्यायचं मामा?"

"मान द्यायचा. आमी सगळी पंगत उठवून शेवटी बसायचो. दिवस कलायचा. तवा नवरीचा बाप सोता ओगराळं घेऊन यायचा. आमी बसलेले, तो उभा. आग्रह करकरून वाढायचा. डोळ्यात पाणी यायचं गड्याच्या. वाढणाऱ्याला बसवून वाढायचं, हेच त्याचं देणं. दुसरं न्हाई." दोन महिन्यांत पहिल्यांदा मामांचा चेहरा उजळलेला दिसला. मग ते म्हणाले, "दुपारी मी बसवतो त्याला. बघ तू."

झालं. मला पुढचं चित्र दिसू लागलं. शेवटचं एकच जेवण राहिलं होतं माझं. तेवढं तरी सुखानं गिळू द्यावं की नाही माणसानं!

दुपारी हॉल भरलेला होता. आम्ही बसलो, मी अजून पहिला घास घेते न घेते तोच मामा उठले. संतरामच्या हातातून वरणाची बादली आणि ओगराळं काढून घेतलं आणि आपली खुर्ची त्याच्यापुढं ओढली.

"बस."

"बाबा, काय करून राहिले? ड्युटीवर बसता येत न्हाई."

"तीन टाइम वाढलंस मला. आता मी वाढतो. बस म्हणतो ना."

आजूबाजूचे लोक बघू लागले. एकानं मोबाइल काढला. काउंटरवरचा मॅनेजर मान उंच करून पाहत होता. संतरामनं एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि घाम पुसला.

"बाबा, तुमचा मान डोक्यावर," तो हळूच म्हणाला. "पण मी घरून जेवून आलो. आन् खरं सांगू का, मान घेऊन घरी गेलो तर बायको ईचारन, हे कोणत्या डब्यात ठिवू म्हणून. तुमी खुश हायेत तेवढं बस झालं." आणि पाठीमागच्या टेबलावरून कुणी हाक मारली तसा तो सुटका झाल्यासारखा पळाला.

मामा तसेच उभे राहिले. एका हातात बादली, एका हातात ओगराळं. ज्या गोष्टीला त्यांनी जन्मभर सगळ्यात मोठं देणं मानलं, ते समोरच्याला नकोच होतं, आणि भरल्या हॉलमध्ये वाढायला त्यांच्यापुढं कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

मग त्यांनी बादली माझ्यापुढं धरली. "सपना, ही आत ठिवून ये."

वाईट वाटणं तिथंच संपलं.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. "आत ठिवून ये म्हणलं."

"मामा, मी उठणार न्हाई. मला एक सांगा. वाढणाऱ्याला शेवटी बसवून वाढायचं, हा तुमचाच नेम ना? बारा वर्षं झाली, दोन टाइम मी तुमाला वाढून राहिले. माझी पंगत कधी बसणार?"

रत्नपाल आपल्या हातावरची पट्टी अशी निरखू लागला, जणू तिच्यावर बारीक अक्षरात उत्तर छापलं होतं.

"तू घरची हायेस," मामा म्हणाले. "घरच्यात काय..."

"तुमचे वाढपी काय परदेशातून यायचे? तेबी घरचेच होते की! आन् त्या संतरामला कालपासून वळखता तुमी. त्याच्यासाठी उठलात."

माझा आवाज चढला होता. मोबाइलवाला अजून मोबाइल धरूनच होता. मला कशाचंच काही वाटेना. बारा वर्षांचं घशाशी आलेलं बोलून टाकलं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अंदाज चुकलेला माणूस पाहतो तसं.

मग त्यांनी माझं भरलेलं ताट बाजूला सारलं. "हे गार झालं," म्हणाले. कोरं ताट घेतलं. आधी मीठ. मग चटणी, मग कोशिंबीर, मग भाजी. हात वरून आला आणि ओगराळ्यातलं वरण वाटीत कधी उतरलं ते कळलंही नाही, काठाला एक थेंब नाही. अख्ख्या तालुक्यानं ज्या हाताचं कौतुक केलं, तो हात मी पहिल्यांदाच माझ्या ताटात वाढताना बघत होते. बाराव्या वर्षी!

"काय आवडतं तुला?" त्यांनी विचारलं.

"तिला सगळं चालतं," रत्नपाल म्हणाला.

"तुला ईचारलं का?"

रत्नपाल पुन्हा पट्टीकडे वळला. आणि मला, बाई, आठवेचना! ऐश्वर्याला काय आवडतं, रत्नपालला कशात लसूण नको, मामांना कोणत्या वारी काय लागतं, सगळं तोंडपाठ. स्वतःचं काही केल्या सापडेना. मामा ओगराळं धरून उभेच.

"गरम भाकरी," मी शेवटी म्हणाले. "तव्यावरून उतरलेली. थापणारीला कवाच भेटत न्हाई."

मामा आत स्वयंपाकघरात गेले. आतून एका बाईचा आणि त्यांचा काहीतरी वाद ऐकू आला. तेवढ्यात मी रत्नपालला म्हणाले, "पट्टी काय वाचता? पाकीट काढा. संतरामला द्या, आन् आत भाकरी थापणारीलाबी." तो उठला. नियमाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मामा आले ते उघड्या तळहातावर भाकरी घेऊन, चटके सोसत, जवळजवळ धावतच. पापुद्रा अजून फुगलेला होता. त्यांनी ती माझ्या ताटात ठेवली, वर तूप सोडलं. मी पहिला घास मोडला तशी बोटं भाजली आणि मला रडू फुटलं. भर हॉलमध्ये, डोळे पुसत, नाक ओढत मी जेवले. ते आणखी एक घेऊन आले. नको म्हटलं तर, "अर्धी तरी," म्हणाले. अर्धी म्हणून पूर्ण वाढली. मी संपवेपर्यंत ते बसले नाहीत.

जेवण झालं आणि सवयीनं मी ताट उचलायला हात घातला. मामांनी ताटाची दुसरी कड धरली.

"राहू दे. खरकटं मी नेतो."

ताट घेऊन ते निघाले आणि चार पावलांवर थांबले. जेवलेलं ताट कुठं नेऊन ठेवतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी संतरामला हाक मारून विचारलं.