आधी तू

ट्रेव्हर पगने जन्मात कधी कुणाच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. लॉरेनच्या मते नवऱ्याचं खरं दुखणं हेच होतं, गुडघा नंतरचा. दुकानात मागे कुणी एकच पाव घेऊन उभं असलं की "तुम्ही व्हा पुढे" म्हणून हा आपली भरलेली गाडी बाजूला घ्यायचा. तो गावची बस चालवायचा. एखादी म्हातारी धावत येताना दिसली, की ती दोन शेतं पलीकडे का असेना, बस थांबलीच. बस नेहमी उशिरा यायची आणि त्याबद्दल एकाही म्हातारीची तक्रार नव्हती.

असल्या माणसाने शर्यतीत उतरावं म्हणजे मांजराने पोहायला शिकावं. पण साठी जवळ आली आणि ट्रेव्हरला चिखलातल्या शर्यतीचं वेड लागलं. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या टेकड्यांत दर एप्रिलला ती व्हायची. चिखलाचे चर, बर्फासारख्या पाण्याचे हौद, जाळीखालून सरपटणं, आणि शेवटाला दोन माणसांच्या उंचीची लाकडी भिंत. एकमेकांना हात द्यायला मुभा होती. भिंतीच्या पलीकडे एक माणूस दोरी घेऊन बसायचा. वेळ संपली की तो दोरी आडवी बांधायचा, आणि मागे राहिलेल्यांची वरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत यायची.

ट्रेव्हर सलग दोन वर्षं ट्रॉलीतून परत आला होता. भिंतीपर्यंत गडी ठणठणीत यायचा. तिथे कुणीतरी अडलेलं दिसायचं, की हा ओणवा होऊन हाताची पायरी करायचा. "ठेवा पाय, लाजू नका." एक जायचा, त्याच्या मागे दहा यायचे.

"बिचारे अडले होते गं," तो घरी येऊन सांगायचा.

"आणि तू? तू कोण, भिंतीचा खिळा?" लॉरेन म्हणायची.

आता जूनमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. त्यानंतर उड्या मारणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हा एप्रिल शेवटचा. ट्रेव्हरने एकदा, एकदाच, शेवटची रेघ पायी ओलांडावी, एवढं एकच लॉरेनच्या मनात होतं. तो बोलून दाखवायचा नाही, पण ट्रॉलीतून उतरताना त्याचा चेहरा तिने दोनदा पाहिला होता. तिसऱ्यांदा पाहायची तिची तयारी नव्हती. म्हणून गावातल्या बायकांचे केस कापणाऱ्या, नखाला माती लागली तरी अस्वस्थ होणाऱ्या या बाईने शर्यतीत आपलंही नाव घातलं.

जानेवारीपासून दर रविवारी सकाळी दोघं गावातल्या मर्विनच्या मेंढ्यांच्या शेतावर सरावाला जाऊ लागली. मर्विनने ट्रॅक्टरचे जुने टायर, गवताचे भारे आणि मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुचकळायचा चर असं सगळं सरावाला लावलं होतं. गोठ्याच्या फळ्या ठोकून भिंतही उभी केली होती. पहिल्याच रविवारी चिखलाने लॉरेनचा डावा बूट गिळला.

"राहू दे, बाई," मर्विन कुंपणावर बसून ओरडला. "पावसाळा सरला की बुटाचं झाड येईल!"

"या गावात पावसाळा सरतो कधी?" लॉरेनने कोपरापर्यंत हात घालून बूट उपसला आणि तशीच पुढे सरपटली. आपल्याला हे आवडतंय, हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला. सराव झाला की गोठ्याच्या आडोशाला थर्मासमधला चहा आणि बेकन घातलेले पाव असायचे. ट्रेव्हर सगळ्यांना वाढायचा आणि त्याच्या वाट्याला जळका तुकडा यायचा.

बाकी सगळं जमलं, घोडं अडलं ते भिंतीपाशी. ट्रेव्हर बायकोला फुलासारखं उचलून वर बसवायचा. पण तिने हाताची पायरी केली की मागे सरायचा.

"मी तुझ्यावर पाय देऊ? माझा देह बघ. सॉरी, ते नाही व्हायचं." आणि लांबून धावत येऊन तो भिंतीवर आदळायचा, अर्ध्यावर लटकायचा, घसरायचा. गुडघा धरून बसायचा आणि वर "आज जरा निसरडं आहे" म्हणायचा.

मार्चमधल्या एका रविवारी गाडीत लॉरेनचा तोल सुटला. "जगाला हात देतोस, आणि कुणाचा घ्यायची वेळ आली की हात आखडतोस. हा चांगुलपणा नाही, ट्रेव्हर. हा माज आहे."

ट्रेव्हरने मागच्या गाडीला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाला, "तुला दुखेल गं."

"दुखू दे की! तीस वर्षं तुझं घोरणं ऐकतेय, ते काय सुखाचं होतं?"

तो हसला, पण पुढच्या रविवारीही पाय काही ठेवला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

शर्यतीच्या दिवशी भिंतीपाशी पोहोचेपर्यंत दोघांचं फक्त डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. ट्रेव्हरने लॉरेनला वर चढवलं. ती भिंतीवर टांग टाकून बसली आणि खाली हात केला. तेवढ्यात मागून आगीच्या बंबावर काम करणारे चार दांडगे आले. धर्मादाय निधीसाठी पळत होते, म्हणून अंगात नाचाचे गुलाबी झगे. ट्रेव्हर लगेच ओणवा झाला.

"या, आधी तुम्ही."

लॉरेनने पलीकडे पाहिलं. दोरीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला होता आणि तो उठून उभा राहत होता. तिसरी ट्रॉली. तिने पाय उचलला आणि ती उतरली, पण अलीकडच्या बाजूला.

"अगं, तू पोहोचली होतीस!" ट्रेव्हर किंचाळला.

लॉरेनने भिंतीला पाठ टेकली, बोटांत बोटं अडकवली आणि म्हणाली, "आधी तू."

"नको, आधी ही मंडळी..."

"मंडळींना विचार."

बंबवाल्यांच्या मागे आणखी आठदहा जण येऊन थांबले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी गुडघाभर चिखलात त्यांची सरळ रांग लागली होती. या देशात माणूस बुडत असला तरी रांगेने बुडतो. सगळे अत्यंत सभ्यपणे आभाळाकडे बघत होते.

"आम्हाला काही घाई नाही, साहेब," सर्वांत पुढचा बंबवाला म्हणाला. आणि तो हळूच खोकला.

तो खोकला ट्रेव्हरच्या वर्मी लागला. मागच्याला पुढे जाऊ देणं हा त्याचा धर्म होता, पण रांग अडवून धरणं हे त्याच्या लेखी महापाप. चिखलाखालूनही त्याचे कान लाल झालेले लॉरेनला दिसले.

"सॉरी," तो रांगेला म्हणाला. "सॉरी हं. लगेच." मग लॉरेनकडे वळून अगदी बारीक आवाजात, "सॉरी, राणी."

आणि त्याने पाय ठेवला.

तिच्या हातांवर सगळा ट्रेव्हर आला. तीस वर्षांत हा माणूस असा पुरता तिच्यावर कधी टेकला नव्हता. दुसरा बूट तिच्या खांद्यावर आला, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुखलं, भयंकर दुखलं, आणि तिला इतका आनंद झाला की ती ओरडलीच, "चढ, मेल्या!"

रांगेतून टाळ्या पडल्या. ट्रेव्हर वर पोचला, पालथा पडला आणि त्याने दोन्ही हात खाली सोडले. बंबवाल्यांनी खालून लॉरेनला रेटलं. दोरीवाला दोरी हातात धरून उभा होता, ती आडवी बांधायचं जणू विसरून.

"सॉरी, जरा लवकर करता का?" तो म्हणाला.

शेवटच्या रेघेपाशी ट्रेव्हर सवयीने बाजूला झाला. लॉरेनने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि त्याला ढकललं.

पदक ट्रेव्हरने बसमध्ये टांगलं, म्हाताऱ्यांना दिसेल असं. लॉरेनच्या खांद्यावर मात्र बुटाच्या तळव्याची नक्षी निळीजांभळी उमटली होती, आणि महिनाभर तिच्या खुर्चीत केस कापायला बसलेल्या प्रत्येक बाईला ती कॉलर सरकवून खांदा दाखवायची.

"सॉरी," तो खांदा दिसला की ट्रेव्हर ओशाळून म्हणायचा.

"गप रे," ती म्हणायची. "नक्षी पुसट व्हायला लागलीय, म्हणून आधीच जीव खालीवर होतोय माझा."