आडवं घड्याळ

संसदेच्या त्या घंटेचा आवाज असा होता, की ती वाजली की चार गल्ल्या पलीकडच्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या पेल्यात नाचायला लागायच्या. खोटं वाटत असेल तर म्हाताऱ्यांना विचारा. त्यांतला एकही आता उरलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

घंटेवाला ती हाताने, दोरी ओढून वाजवायचा. मतदानाआधी वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू खाली येईपर्यंत ओढत राहायचं. वाळू संपली की घंटा बंद, घंटा बंद की सभागृहाचं दार बंद. मग बाहेर राहिला तो पंतप्रधान का असेना, त्याचं मत बाहेरच.

त्या दिवशी मत होतं ते समुद्रापलीकडच्या, दुसऱ्यांच्या लढाईत आपली फौज धाडायची की नाही यावर. फौज बंदरात जहाजावर चढून बसली होती. वायरलेस सांभाळणारी घंटेवाल्याची धाकटी मुलगी त्यातच होती.

सकाळी डबा भरता भरता बायको म्हणाली, "एवढी वर्षं तिथे आहात. तुमच्या हातात काहीच नाही?"

"दोरी आहे."

"मग तीच ओढा," म्हणून तिने झाकण असं दाबलं, की दुपारी डबा काही उघडेना.

दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या, एका मताने इकडचं तिकडे होईल अशा. घंटा सुरू झाली, सभासद लगबगीने आत गेले. विरोधातल्या एकाचाच पत्ता नव्हता. कुबडीवाले आजोबा. कालच ते घंटेवाल्याला म्हणाले होते, "माझं मत विरोधात, बाबा. पण लिफ्ट बंद पडली की मला जिना चढायला तुझी वाळू पुरत नाही."

आणि लिफ्ट बंद होती. खालून कुबडीची टकटक ऐकू येत होती, पण फार खालून. वाळू चिमूटभर उरली. घंटेवाल्याने इकडे तिकडे पाहिलं आणि कोपराने घड्याळ हळूच आडवं केलं. वाळू जागच्या जागी निजली.

तो ओढत राहिला. हात भरून आले. आजोबा शेवटच्या पायरीवर आले आणि कठड्याला टेकले.

"आज तुझी वाळू ओली आहे का रे?"

"जा हो आत, आजोबा."

आजोबा आत गेले. घंटेवाला घड्याळ उभं करणार, तोच तळघरातल्या सलूनमधून तिघे सभासद धावत वर आले. गालांवर साबण, गळ्यात टॉवेल. एकाची तर अर्धीच मिशी शिल्लक होती. दाढीला बसलं की घंटा गाठता येत नाही, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. म्हणून खुशाल बसले होते.

"अजून वाजतेय म्हटल्यावर निघालो," अर्ध्या मिशीवाला धापा टाकत म्हणाला. "फौज धाडायचीच आहे, तर आपलंही मत पडू दे."

घंटेवाल्याचे हात दोरीवरच राहिले. तिघे आत शिरले, तेव्हा कुठे त्याने दोरी सोडली. दार बंद झालं.

ठराव दोन मतांनी मंजूर झाला. घंटा वेळेवर थांबली असती, तर आजोबांसकट ते तिघेही बाहेर राहिले असते आणि मतं समसमान पडली असती. समसमान मतांत ठराव पडतो, ही तिथली जुनी रीत. हे गणित घंटेवाल्याने जिन्यात बसून केलं. मग पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. बायकोने तो त्याच्या हातात दिला.

"बाबा, निघालो आम्ही. आता फोन काढून घेतील." मागे इंजिन घरघरत होतं. "आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. घंटा थांबेचना. पोरी विचारायला लागल्या, तुझ्या बाबांना झालंय काय. मी म्हटलं, मला निरोप देताहेत."

घंटेवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "तेच करत होतो."